परक्या शहरातील घर आणि घरातील हक्कदार



गेल्या रमजान ईदनंतर तिसऱ्या दिवशी राजुऱ्यातील एका परिचित कुटुंबाने मला घरी बोलावून घेतले. जेवणे झाली, पानदान फिरले आणि घरातील धाकट्या मुलाने माझ्यापुढे एक गुळगुळीत छापील पुस्तिका ठेवली. हा मुलगा अकरा वर्षांपासून दुबईत नोकरीला आहे. पुस्तिकेत अजून न बांधलेल्या एका उंच इमारतीचे चित्र होते आणि चौदाव्या मजल्यावरील एका लहानशा फ्लॅटभोवती पेनाने वर्तुळ काढलेले होते. "चाचा, हे घेणे जायज आहे की नाही, एवढेच सांगा," तो म्हणाला.

त्याला एका शब्दाचे उत्तर हवे होते. आपल्यापैकी अनेकांना धर्माकडून असेच एका शब्दाचे उत्तर हवे असते. मी त्याला विचारले, "पहिल्या हप्त्याचे पैसे कोठून येणार?" तेव्हा मोठा भाऊ सहज म्हणाला, "अब्बांच्या शेताचा मोबदला आला आहे ना, त्यातून." अब्बांना जाऊन तीन वर्षे झाली होती आणि सास्तीच्या बाजूचे त्यांचे शेत कोळशाच्या खाणीत गेले होते.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या दोन वाक्यांच्या मधल्या जागेविषयी.

परदेशात घर घेणे हा इस्लामच्या दृष्टीने मुळात दोष नाही, हे आधी स्पष्ट करतो. पृथ्वी अल्लाहची आहे आणि ती विस्तीर्ण आहे, हे पवित्र कुरआनने वारंवार सांगितले आहे. राजुऱ्याच्या माणसाला तर सरहद्द किती हलकी गोष्ट आहे हे कोणी शिकवायला नको. आज आपण वर्धा नदीच्या पुलावरून बल्लारपूरला बाजारहाटासाठी जातो. आपल्या आजोबांच्या काळी मात्र नदीच्या या तीरावर निजामाचे राज्य होते आणि त्या तीरावर इंग्रजांचे. राजुरा हा आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता, नाणेही वेगळे, हाली सिक्क्याचे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो मुंबई राज्यातील नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. म्हणजे आपल्या घरातील एखाद्या वृद्ध दादीने आपला उंबरठा न ओलांडता वेगवेगळी राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले. पलीकडे जिवतीच्या पहाडावर आजही काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन्ही राज्यांचा दावा आहे आणि तेथील महाराजगुडा गावात एका घराच्या काही खोल्या या राज्यात तर काही त्या राज्यात मोजल्या जातात. सरहद्द माणसांनी आखलेली असते. त्यामुळे तिच्या पलीकडे छप्पर असणे आपोआप पुण्य ठरत नाही आणि आपोआप पापही ठरत नाही.

मग दुबईचे घर म्हणजे नेमके काय, ते पाहू. २००२ पर्यंत परदेशी माणसाला तेथे मालकी हक्काने घर घेता येत नव्हते. त्या वर्षी ती मुभा जाहीर झाली आणि २००६ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने तिला पक्के रूप मिळाले. तेथील नागरिक आणि आखाती देशांचे नागरिक सोडून इतरांना काही ठरवून दिलेल्या भागांतच पूर्ण मालकी किंवा जास्तीत जास्त ९९ वर्षांचा हक्क घेता येतो. नोंदणीसाठी किमतीच्या ४ टक्के शुल्क द्यावे लागते आणि ते बहुधा खरेदीदारच भरतो. किमान २० लाख दिरहमची मालमत्ता असेल तर दहा वर्षांचा निवासी परवाना मिळू शकतो. पण तो परवानाच असतो, नागरिकत्व नव्हे. आपल्या धाकट्याचा फ्लॅट त्या किमतीच्या जवळपासही नव्हता. घराचा मालक आणि तरीही त्या देशाचा पाहुणा, अशी ही स्थिती आहे.

यात मला काही वावगे दिसत नाही. यजमानाने घातलेल्या अटी पाहुण्याने पाळाव्यात; केलेले करार पूर्ण करा, ही तर ईमानवाल्यांना दिलेली थेट आज्ञा आहे. मला जे खुपते ते निराळेच आहे. दुबईत परक्याने कोठे घर घ्यावे आणि कोठे घेऊ नये, हे आपण निमूटपणे मान्य करतो. त्याच वेळी आपल्याच तालुक्यातला एक कायदा मात्र आपल्याला अडचण वाटतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला मंजुरीशिवाय घेता येत नाही आणि १९७४ च्या कायद्याने पूर्वी गेलेल्या कितीतरी जमिनी मूळ आदिवासी मालकांना परत देण्याची तरतूद केली. राजुरा, कोरपना आणि जिवती या भागांत गोंड आणि कोलाम बांधवांच्या जमिनी नोकराच्या नावाने किंवा तोंडी सौद्याने बळकावण्याचे प्रकार घडत आले आहेत आणि त्यात आपल्या समाजातील माणसे अजिबात नव्हती, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. ज्याने अन्यायाने वीतभर जमीन घेतली, त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे. तो इशारा ऐकताना आपल्याला नेहमी दुसऱ्याची वीत आठवते. दुबईच्या जमीन खात्यापुढे आज्ञाधारक असणारा माणूस पहाडावरच्या कोलामापुढे वेगळा का होतो, याचा विचार अवश्य करावा.

आता प्रेषितांच्या (स.) जीवनाकडे वळू, कारण परक्या शहरात घर उभारण्याचा प्रसंग त्यांच्यावरही आला होता. मदीनेत पोहोचल्यावर त्यांनी प्रथम आदरणीय अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी काही महिने मुक्काम केला. ज्या जागेवर मशीद बांधायची होती ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ भावांची होती. ती जागा विनामूल्य देण्याची तयारी दाखवली गेली. प्रेषितांनी (स.) ती तशी स्वीकारली नाही, किंमत देऊनच घेतली. विचार करा. सारे शहर ज्यांच्या स्वागताला लोटले होते, त्यांनी त्या शहरातील पहिलीच जमीन घेताना विकणाऱ्याच्या भावनेपेक्षा त्याच्या हक्काला मान दिला, आणि तोही अनाथाच्या हक्काला, जो भीड पडली म्हणून हो म्हणण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

दुसरा प्रसंग आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा. मक्केतील सर्व काही मागे टाकून ते मदीनेला आले. त्यांचे बंधू म्हणून जोडले गेलेले सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली निम्मी मालमत्ता त्यांना देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. मदीनेतले त्यांचे पुढचे वैभव त्या बाजारातल्या स्वतःच्या कष्टातून उभे राहिले.

तिसरा प्रसंग मला सर्वांत जास्त हलवतो. मक्का जिंकल्यानंतर प्रेषितांना (स.) विचारले गेले की आपण कोठे उतरणार, आपल्या घरी काय? त्यावर त्यांनी विचारले की अकीलने आपल्यासाठी एखादे घर शिल्लक ठेवले आहे काय. घराण्याची घरे चुलतभाऊ अकील यांनी कधीच विकून टाकली होती. विजेत्याला ती परत घेणे एका शब्दाचे काम होते. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही आणि आपल्याच जन्मगावी तंबूत मुक्काम केला.

आता राजुऱ्याच्या त्या बैठकीकडे परत येऊ. मी कागद मागितला आणि वर लिहिले, मोबदला ४८ लाख. रक्कम खरी वेगळी होती, हिशेब सोपा जावा म्हणून मी ४८ धरले. मरहूम अब्बांच्या पश्चात अम्मी, दोन मुलगे आणि दोन मुली. कफन-दफनाचा खर्च झालेला, कर्ज नाही, वसीयत नाही. सूरह निसामध्ये ठरवून दिलेल्या वाटणीप्रमाणे अम्मींचा आठवा हिस्सा ६ लाख. उरलेल्या ४२ लाखांत मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट, म्हणून प्रत्येक मुलाचे १४ लाख आणि प्रत्येक मुलीचे ७ लाख. मी कागद फिरवून धाकट्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "तुझ्या हप्त्यासाठी या कागदावर तुझे १४ लाख आहेत. तू मागतो आहेस ते २५ लाख."

खोलीत शांतता पसरली. मग नेहमीची कारणे आली. बहिणींच्या लग्नांत खूप खर्च झाला. मोठ्या आपांनी कधीच मागितले नाही. तलाठ्याकडे वारस नोंद करतानाच दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आहेत, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणीही झाली आहे.

यातील एकही कारण शरीअतपुढे टिकत नाही. लग्नाचा खर्च हा बापाने आपल्या हयातीत आपल्या इच्छेने केलेला खर्च आहे, तो वारशातून वजा होत नाही. न मागणे म्हणजे सोडून देणे नव्हे. माहेरचा उंबरठा कायमचा बंद होईल या भीतीने आपल्या मुली मागत नाहीत, हे आपण सर्वजण जाणतो आणि त्या भीतीवर आपली घरे उभी करतो. राहिले हक्कसोडपत्र. कायद्यापुढे त्या कागदाला किंमत आहे. पण ज्या संमतीत मन मोकळे नाही, तिच्या जोरावर दुसऱ्याचा माल हलाल होत नाही. खरी संमती ओळखण्याचा एक साधा मार्ग जाणकार सांगत आले आहेत. आधी तिची रक्कम तिच्या हाती द्या, तिच्या खात्यात जमा होऊ द्या, चार महिने जाऊ द्या. त्यानंतर ती आपण होऊन भावाला काही देत असेल तर ती तिची भेट. हा मार्ग सांगितला की बहुतेक भावांचे चेहरे उतरतात आणि त्यावरूनच सारे काही कळते. हा वाटा थोडा असो वा जास्त, स्त्रियांचाही आहे आणि ठरवून दिलेला आहे, असे कुरआनने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. त्यात आपल्या रिवाजाला जागाच ठेवलेली नाही.

वडील हयात असते तर मालमत्ता त्यांची असती आणि वाटणीचा प्रश्न आला नसता, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु तेव्हाही एकाच मुलाला दुबईचा फ्लॅट आणि इतरांना काहीच नाही, हे सोपे नव्हते. आदरणीय नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षीदार होण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. नाही, हे उत्तर ऐकल्यावर त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला.

उरलेली रक्कम कर्जाने उभी करण्याचा बेत होता. व्याजाविषयी या मासिकाच्या वाचकांना नव्याने काही सांगायला नको. आखाती देशांतील इस्लामी बँका व्याजाऐवजी भागीदारीचा किंवा भाड्याचा करार करतात. बँक आणि ग्राहक मिळून घर घेतात, ग्राहक बँकेच्या हिश्श्याचे भाडे देतो आणि तो हिस्सा हळूहळू विकत घेत जातो. मार्ग चांगला आहे. फक्त सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. इमारत उद्या कोसळली तर बँकेच्या हिश्श्याचे नुकसान कोण सोसणार? ते सारे ग्राहकाच्याच डोक्यावर येणार असेल, तर फक्त नाव बदलले आहे.

न बांधलेल्या इमारतीतील फ्लॅट ताबा मिळण्यापूर्वीच नफ्याने दुसऱ्याला विकायचा, हा तेथील अनेकांचा उद्योग आहे. बांधून देण्याचा करार शरीअतमध्ये मान्य आहे. पण जे आपल्या ताब्यात नाही ते पुढे विकण्याची मनाई आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी स्थावर मालमत्तेबाबत सवलत दिली आहे खरी, मात्र ती उभ्या असलेल्या मालमत्तेची, हवेतल्या चौदाव्या मजल्याला ती लावू नये, असे अनेक उलमांचे मत आहे. २००८ च्या अखेरीस दुबईत भाव कोसळले आणि कितीतरी इमारतींची कामे अर्ध्यावर थांबली, तेव्हा असे कागद हातोहात फिरवणाऱ्यांपैकी शेवटच्या माणसाच्या हातात फक्त कागद राहिला. खरेदीदारांचे पैसे स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवण्याचा कायदा २००७ मध्येच झाला होता, पण ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांच्यापैकी अनेकांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. मोठा भाऊ म्हणाला की पैसे हुंडीने पाठवू, लवकर पोहोचतील. हवाला हा या देशात बेकायदा आहे आणि देशाचा कायदा हाही आपण इथे राहून स्वीकारलेला करारच आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम सरळ मार्गाने परदेशी पाठवता येते. अशा खरेदीसाठी १० लाख रुपयांपुढील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ घेते आणि तो पुढे आयकरात जुळवून मिळतो. परदेशात राहत असताना घेतलेले घर मायदेशी परतल्यावरही ठेवण्याची मुभा १९९९ च्या फेमा कायद्यात आहे, मात्र परतल्यावर ते आयकराच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. न दाखवल्यास २०१५ च्या कायद्याने १० लाखांचा दंड आहे. जकातीचे म्हणाल, तर राहत्या घरावर जकात नाही. भाड्याने दिले तर भाड्यातून साठलेल्या रकमेवर आहे. विकून नफा मिळवण्यासाठीच घेतले असेल तर दरवर्षी त्याच्या बाजारभावावर अडीच टक्के आहे. येथे नियतीचा प्रश्न आपल्याशी आणि अल्लाहशी आहे, हिशेबनीसाशी नाही.

निघण्याच्या वेळी धाकट्याने मला दारापर्यंत सोडले आणि हळू आवाजात म्हणाला, "चाचा, खरे सांगू? भाड्यासाठी घेत नाही. इथे पुढे कसे होईल कोणास ठाऊक. एक दार उघडे असलेले बरे."

वाचकहो, ही गोष्ट आज अनेक घरांत कुजबुजली जाते आणि मी तिला हसणार नाही. भीती वाटणे हा ईमानचा अभाव नव्हे. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतः आपल्या सोबत्यांना हबशाला पाठवले, कारण तेथील ख्रिस्ती राजा नजाशी कोणावर जुलूम होऊ देत नसे. आश्रयासाठी दूरचे दार शोधणे ही आपल्या इतिहासातील पहिल्या पिढीची गोष्ट आहे. पण हबशाला गेलेले लोक कोणाचा वाटा गिळून गेले नव्हते. मी त्याला विचारले, "ते दार उघडेल तेव्हा आत कोण कोण जाणार? अम्मी जाणार? त्या तर आजही नदी ओलांडून बल्लारशाहला जायला तयार नसतात. तुझ्या बहिणी जाणार? की त्यांच्या १४ लाखांनी तू तुझ्या एकट्याचे दार करणार?"

त्याने उत्तर दिले नाही. कंदिलासारखा पिवळा दिवा दारावर होता, त्या उजेडात त्याने माझ्या हातातील हिशेबाचा कागद मागून घेतला आणि पुन्हा एकदा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या भावाचा फोन आला. मोठ्या आपांना कागजनगरहून बोलावले आहे, दुपारच्या गाडीने बल्लारशाहला उतरतील. धाकटी बहीण गडचांदूरला आहे, ती संध्याकाळी येईल. मोबदल्याचे बँकेचे पासबुक काढून ठेवले आहे. आणि एक विचारायचे होते, तो म्हणाला. धाकट्या बहिणीच्या नावाने बँकेत खातेच नाही, असलेले खाते नवऱ्याच्या नावाचे आहे. तर रक्कम त्यातच टाकली तर चालेल का?

मी म्हणालो, नाही. आधी तिच्या नावाने खाते उघडा.